वीस जुलैची गाडी

१२ मार्च १९३९, रविवार

धंदा बंद झाला आणि वह्या उरल्या. आठ कोऱ्या वह्या, प्रत्येक पानावर रकाने छापलेले: जनावराचा रंग, दात, वय, वेत, खोड. चाळीस वर्षं मी यांत गाईबैल लिहीत आलो. आता सरकारनं सांगितलंय, यहुद्यानं गुरांचा व्यापार करायचा नाही. मग रकान्यांत भरू काय? बाबेटला विचारलं तर म्हणाली, "स्वतःला भरा. वय त्रेसष्ट, दात सहा कमी, खोड एकच, कुणाचं ऐकत नाही." सत्तावीस वर्षं संसार केल्यावर बायको अशी बोलते. तर आजपासून मी या वहीत स्वतःला भरतोय.

आमच्या रेडेलबाखमध्ये यहुद्यांची एकतीस घरं होती. आता नऊ आहेत, आणि नऊ घरं पालथी घातली तरी प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष भरत नाहीत. नोव्हेंबरात आमच्या प्रार्थनाघराची, सिनेगॉगची, बाकं फोडून चौकात जाळली तेव्हा मलाही धरून छावणीत नेलं होतं. तीन आठवड्यांनी म्हातारा म्हणून सोडलं. तिथलं काही बोलणार नाही अशी सही देऊन आलोय, म्हणून इथेही लिहीत नाही. जिल्ह्याचे रब्बी त्याच वेळी आत गेले आणि सुटले ते थेट हॉलंडला. त्यामुळे आता धर्माचं काही अडलं तर विचारायला कोणी उरलेलं नाही. आमच्यात दूध आणि मांस एकमेकांना लागू द्यायचं नसतं. दुधाचा चमचा चुकून मांसाच्या भांड्यात पडला की बाबेट माझ्याकडे बघते आणि मी आढ्याकडे बघतो.

इर्मा चौदाची झाली. लग्नाला तेरा वर्षं झाल्यावर झालेली, एकुलती एक. शाळेतून काढलंय. घरात बसून आईला शिवणात मदत करते आणि मला बोल लावते.

२ मे १९३९, मंगळवार

शहराहून मदत समितीच्या होख्श्टेटरबाई आल्या होत्या. बाई बारीक, पण आवाज बाजारातल्या दलालाला लाजवेल असा. म्हणाल्या, इंग्लंड मुलं घेतंय. आईबाप नाहीत, फक्त मुलं. आमच्या गावासाठी जुलैच्या गाडीत एक जागा आहे. पुढच्या गाडीत आणखी एक मिळेल, पण ती तारीख ठरलेली नाही.

गावात जाण्याजोगी मुलं दोनच. आमची इर्मा आणि काल्मानची नात झुझी, आठ वर्षांची. झुझीची आई तिच्या जन्माच्या वेळीच गेली. बाप नोव्हेंबरात आमच्याबरोबर आत गेला आणि त्याच्याऐवजी राखेची पेटी आली. आजीआजोबा सांभाळतात.

काल्मान म्हणजे गावातला दुसरा गुरांचा व्यापारी. अकरा वर्षं आम्ही एकमेकांशी बोललेलो नाही. अठ्ठावीस सालच्या बाजारात माझ्या तांबड्या कालवडीला तो भर गिऱ्हाइकांत लाथाळ म्हणाला. होती ती लाथाळ. पण दुसऱ्याच्या सौद्यात तोंड घालायचं नसतं, हे धंद्यातल्या शेंबड्या पोरालाही कळतं.

बाईंनी चिठ्ठ्या टाकल्या. पहिली जागा इर्माला आली. बाबेटनं विचारलं, त्या घरचा स्वयंपाक आपल्या धर्माचा असेल का. बाई म्हणाल्या, "अहो, तिथे स्वयंपाक असेल, एवढं पुरे नाही का?" इर्मानं विचारलं, इंग्रजीत गाईला काय म्हणतात. बाईंनी सांगितल्यावर म्हणाली, "मग बाबांना पण न्या. तेवढा एक शब्द आला की त्यांचं भागेल."

११ जून १९३९, रविवार

तारीख आली. २० जुलै, गुरुवार, सकाळी साडेनऊला शहराच्या स्टेशनातून. इर्मा कुठल्याशा नॉरिच गावात एका विधवा बाईकडे राहणार. बाईचं कापडाचं दुकान आहे. इर्मानं पातळसं इंग्रजीचं पुस्तक मिळवलंय आणि दिवसभर पुटपुटत असते. बाबेट तिच्या कपड्यांवर नाव शिवते. नियमाप्रमाणे नावात "सारा" घालावं लागतं, सगळ्या यहुदी बायकांना सरकारनं ते एकच नाव जोडून दिलंय, तसं मला "इस्राएल". इर्मा म्हणाली, इंग्लंडच्या हद्दीत शिरले की पहिली सारा उसवते.

घरात हसू ऐकलं. बरं वाटलं. लगेच वाईटही वाटलं. पोरगी जाणार म्हणून कसलं आलंय हसू.

४ जुलै १९३९, मंगळवार

आज कॅलेंडर बघत होतो, सहजच. २० जुलै म्हणजे आमच्या आव महिन्याची चौथ. शोकाच्या नऊ दिवसांत येते.

यरुशलेमचं मंदिर पडलं त्याच्या शोकाचे हे दिवस. आमच्या घरात या दिवसांत मांस शिजत नाही, नवं कापड अंगाला लागत नाही आणि कोणी लांबच्या प्रवासाला निघत नाही. माझ्या बापानं कधी बाजारालासुद्धा जनावर काढलं नाही. चौदा साली माझा धाकटा भाऊ सिमॉन याच दिवसांत निघाला. त्याचा काय इलाज होता म्हणा, लष्कराचा हुकूम होता. स्टेशनावर आई म्हणाली होती, आजचा दिवस टळला असता तर. ऑक्टोबरात बेल्जियममध्ये मारला गेला. आई मरेपर्यंत त्या तारखेबद्दलच बोलत राहिली.

बाबेटला सांगितलं. ती म्हणाली, मुलीला जाऊ दे, देवाला आपली अडचण कळते. मी म्हटलं, आपल्या सोयीचं असलं की आपण देवाला शहाणा म्हणतो. ती म्हणाली, रब्बींना विचारा. कुठल्या रब्बींना? हॉलंडला पत्र जाऊन उत्तर येईपर्यंत महिना जाईल.

आठवडाभर इकडेतिकडे झालं असतं तर काय बिघडलं असतं त्या रेल्वेचं.

६ जुलै १९३९, गुरुवार

काल्मानकडे गेलो. अकरा वर्षांनी त्याच्या फाटकाला हात लावला. म्हातारा अंगणात बटाटे सोलत होता. मला बघून सुरी तशीच धरून उभा राहिला. मी म्हटलं, ठेव ती खाली, कालवडीचं नंतर बघू.

सांगितलं त्याला. माझी मुलगी या दिवसांत निघणार नाही, तुझी नात जाऊ दे, तुझी पुढची जागा मला. विधवा बाईला मुलगी हवी आहे, कुठली ते तिनं म्हटलेलं नाही. काल्मान धर्म पाळतो, पण त्याच्या घरचं पाळणं जरा सैल आहे. तो नऊ दिवसांत दाढीसुद्धा करतो. तरी तो पटकन हो म्हणाला नाही. खाली बसून आधी हातातला बटाटा सोलून संपवला.

आमच्या धंद्यात सौदा हातावर ठरतो. तीनदा हातावर हात मारायचा. पहिल्या दोन थापांनंतर माघार घेता येते. तिसरी पडली की बाप मेला तरी शब्द फिरत नाही. दोन थापा पडल्या आणि काल्माननं हात वरच्या वर धरला.

"फाइस्ट, गाईचा सौदा असता तर मी एव्हाना हात मारून मोकळा झालो असतो. हा मला फसवणुकीसारखा वाटतोय. घरी जा, उद्या सकाळी ये."

"माझ्या जनावराला लाथाळ म्हणताना एवढा विचार केला नव्हतास."

"पुढची गाडी कधी आहे ते तुला ठाऊक आहे का?"

मी म्हटलं, एक गाडी निघाली की दुसरी मागून येतेच. आणि तिसरी थाप मीच मारली. आतून त्याच्या बायकोचं, हेनीचं, रडणं ऐकू आलं. निघताना ती धावत आली आणि माझ्या बाहीला तोंड लावलं. मला अवघडल्यासारखं झालं, आणि खरं सांगायचं तर थोडं मोठं झाल्यासारखंही वाटलं.

१० जुलै १९३९, सोमवार

होख्श्टेटरबाईंचं पत्र. निम्मं पत्र शिव्यांचं आहे, सभ्य भाषेतल्या. तुमच्यासारखी माणसं मला वेड लावतील, लोक जागेसाठी माझ्या दारात झोपतात आणि तुम्ही तारखा नाकारता, वगैरे. पण बदल मंजूर आहे. इर्मा आता २९ ऑगस्टला जाईल. आणि घर एका शेतकऱ्याचं मिळालंय, बारा गाई आहेत. बारा! मी बाबेटला पत्र दोनदा वाचून दाखवलं. कापडाच्या दुकानापेक्षा गोठा बरा की नाही? मुलगी दूध काढायला माझ्याकडून शिकलेली आहे, तिथे तिचं अडणार नाही. बाबेट हो म्हणाली, पण मान दुसरीकडे करून.

इर्मा चार दिवस बोलत नव्हती. आज बोलली. "बाबा, कॅलेंडर छापलं रब्बींनी आणि गाडी काढली रेल्वेनं. दोघांनी आधी एकमेकांना विचारायला हवं होतं." मी म्हटलं, सहा आठवड्यांचा तर प्रश्न आहे. गाभण गाय सहा आठवडे कशी काढते ते गाईलासुद्धा कळत नाही.

२० जुलै १९३९, गुरुवार

झुझी गेली. आम्ही गावच्या स्टेशनापर्यंतच गेलो, शहरापर्यंत काल्मान गेला. इर्मानं तिला आपलं इंग्रजीचं पुस्तक दिलं आणि गळ्यातली नंबराची पाटी सरळ करून दिली. पोरगी रडली नाही. तिला वाटत होतं आजोबा इंग्लंडपर्यंत येणार आहेत. कोणीतरी तसं सांगितलं असावं.

संध्याकाळी काल्मान परतला, आमच्या दारावरून गेला, आत आला नाही.

२६ जुलै १९३९, बुधवार

काल उपास झाला. जमिनीवर बसून विलापाचे अध्याय वाचले, आम्ही तिघं आणि काल्मान आणि हेनी. अकरा वर्षांनी तो माझ्या शेजारी बसला. आज नऊ दिवस संपले आणि मन हलकं झालं. दिवस पाळले, मुलगी घरात आहे, आणि महिन्याभरात जाईल ती चांगल्या दिवशी जाईल. मी केलं ते बरोबर केलं.

२१ ऑगस्ट १९३९, सोमवार

समितीकडून चिठ्ठी. गाडी २९ ऐवजी ५ सप्टेंबरला. रेल्वेला डबे दुसऱ्या कामासाठी हवे आहेत. हरकत नाही, एक आठवडा. कास्परच्या दोन्ही घोड्या लष्करानं नेल्या. कास्पर म्हणजे ज्यानं माझं कुरण घेतलं तो शेतकरी. हल्ली तो मला रस्त्यात ओळखत नाही, घर फिरलं की वासे फिरतात. पण आज कुंपणापाशी थांबून घोड्यांसाठी रडला. मी म्हटलं, चांगली जनावरं निवडली बरं का, लष्कराच्या माणसाला नजर आहे. सरावासाठी नेली असतील, सुगीपर्यंत परत येतील.

बाबेटनं इर्माची पेटी चौथ्यांदा उघडून चौथ्यांदा भरली.

१ सप्टेंबर १९३९, शुक्रवार

लढाई सुरू झाली. पोलंडशी. लोक म्हणतात दोन आठवड्यांत आटपेल. शब्बाथला, म्हणजे आज सूर्यास्तापासून उद्या रात्रीपर्यंत, लिहायचं नसतं, म्हणून घाईत लिहितोय. शहरात फोन लावायला पोस्टात गेलो होतो, लावू दिला नाही.

३ सप्टेंबर १९३९, रविवार

इंग्लंडही लढाईत उतरलं. आता गाडी नाही.

५ सप्टेंबर १९३९, मंगळवार

इर्मा सकाळी उठून कपडे घालून बसली होती. पेटीजवळ. मी म्हटलं, अगं, गाडी रद्द झाली. म्हणाली, माहीत आहे, पण आज दुसरं काय करू.

२४ सप्टेंबर १९३९, रविवार

काल वर्षातला सगळ्यात मोठा उपास होता, आणि त्याच दिवशी सगळ्या यहुद्यांनी रेडिओ आणून जमा करायचे असा हुकूम होता. मुद्दाम तो दिवस निवडला. मी उपाशीपोटी रेडिओ उचलून ठाण्यावर नेला. शब्बाथही होता. तेवढं ओझं उचलून चाळीस वर्षांत मी त्या दिवशी कधी चाललो नव्हतो. म्हणजे पाळायचं तिथे पाळता आलं नाही, आणि नव्हतं पाळायचं तिथे पाळलं. हे वाक्य लिहायला मला तीन आठवडे लागले.

काल्मान आला होता. दारातच उभा राहिला. म्हणाला, "मार मला, शिव्या दे, काहीतरी कर." मी म्हटलं, तुझा काय दोष, तू तर हात वर धरला होतास. तेव्हा तो ओट्यावर बसून रडला. मी त्याच्याकडे पाहत उभा राहिलो. मला त्याचा राग येत नाही. झुझीचा येतो. आठ वर्षांच्या पोरीचा. त्याची लाज वाटते, पण येतो.

१७ नोव्हेंबर १९४०, रविवार

वर्षभर लिहिलं नाही. काय लिहायचं? दुकानात दुपारी चार ते पाच एवढाच वेळ आम्हाला आत सोडतात, तोवर फडताळं रिकामी झालेली असतात. इर्मा वीटभट्टीवर कामाला जाते, हुकमानं. हात बघवत नाहीत. गावातले उरलेले सगळे यहुदी दोन घरांत कोंबलेत. काल्मान आणि हेनी आमच्या माडीवर राहतात. माणूस वर चालला की खाली माती पडते, आणि बाबेट म्हणते, लाथाळ कोण ते आता कळलं. त्यावर काल्मान वरून पाय आपटतो. एवढीच काय ती गंमत उरली आहे.

आज रेडक्रॉसमार्फत झुझीचा निरोप आला. पंचवीस शब्दांची मर्यादा असते. ठीक आहे. शाळेत जाते. बाई चांगल्या आहेत. मांजर आहे. इर्माताईचं पुस्तक वाचून संपलं. आजोबा कधी येणार. काल्माननं तो कागद आधी माझ्या हातात दिला, स्वतः वाचायच्या आधी. का दिला देव जाणे. मी वाचून परत दिला. उत्तर त्यानं इर्माकडून लिहून घेतलं. तिनं पंचवीस शब्द मोजले, पेन्सिल कानाला लावली आणि म्हणाली, "माझ्या जागेवर बसून मांजर पाळते आणि पत्र मात्र धेडगुजरी लिहिते. बघा काल्मानकाका, मी असते तर व्याकरण तरी बरं असतं." काल्मान हसला नाही. तीच एकटी हसली.

१९ सप्टेंबर १९४१, शुक्रवार

आजपासून छातीवर पिवळा तारा. बाबेटनं तिघांच्या कोटांवर शिवले, बारीक टाक्यांनी, जणू सणाचे कपडे. म्हटलं, एवढं नीटनेटकं कशाला. म्हणाली, वाकडा दिसला तर म्हणतील यहुद्याच्या बाईला शिवता येत नाही.

दुपारी कास्परची बायको मागच्या दारानं आली. गाय अडली होती, वासरू आडवं. गुरांचा डॉक्टर लढाईवर. गेलो. कोट गोठ्याबाहेर काढून ठेवला, बाह्या वर केल्या, तासाभरात वासरू बाहेर. मादी, पांढऱ्या कपाळाची. अडीच वर्षांत पहिल्यांदा मला मी माणूस असल्याचं वाटलं, तेही गाईच्या पोटात कोपरापर्यंत हात घातल्यावर. बाईनं किटलीभर दूध दिलं आणि म्हणाली, जाताना कोट घाला बरं का, कोणी बघेल.

इर्मा सगळं दूध काल्मान आणि हेनीला देऊन आली. विचारलं तर म्हणाली, ते म्हातारे आहेत. मी म्हटलं, मग मी कोण?

२ नोव्हेंबर १९४१, रविवार

आता देश सोडायलाच बंदी. आधी जा जा म्हणत होते, जायला कुठे जागा नव्हती. आता जाऊ नका म्हणतात. इर्मानं ही बातमी भट्टीवर ऐकली. तिची पेटी दोन वर्षं तिच्या पलंगाखाली तशीच भरलेली होती. आज तिनं ती रिकामी केली आणि त्यातला चांगला झगा उसवून आईला सदरा शिवायला दिला.

मी म्हटलं, माझ्यावर रागावली असशील.

"सुरुवातीला होते. आता राग नाही राहिला. राग असता तर बरं झालं असतं बाबा, त्याला निदान ऊब असते."

मला वाटतं, मी क्षमा मागायला हवी होती. तोंडात शब्द आले आणि तिथेच बसले. बाप म्हणून मला ते जमत नाही. देवाची मागता येते, वर्षातून एकदा, सगळ्यांबरोबर छाती बडवून. स्वतःच्या मुलीची एकट्यानं मागायला कुणी शिकवलं नाही.

१४ एप्रिल १९४२, मंगळवार

यादी आली. पूर्वेकडे कामाला नेणार, पोलंडमध्ये म्हणतात. इर्मा सारा, वय सतरा, क्रमांक ४१७. शुक्रवारी २४ तारखेला शहरात हजर. पासष्टच्या वरचे आणि त्यांच्या बायका यांना तूर्त वगळलंय, म्हणून मी नाही, बाबेट नाही, काल्मान आणि हेनीही नाहीत. आमच्या घरातून एकटी इर्मा.

नोव्हेंबरात शहरातून जे गेले त्यांच्यातल्या कुणाचंही पत्र नाही. टपालाचे हाल असतील, थंडीही फार पडली.

बाबेटनं कागद वाचला, घडी घातली आणि म्हणाली, "एकदा मी तुमचं ऐकलं. आता ऐकणार नाही. मी तिच्याबरोबर जाणार. तुम्ही तुमचं बघा." तीन वर्षांत त्या तारखेबद्दल ती हे पहिल्यांदा बोलली.

१६ एप्रिल १९४२, गुरुवार

प्रवासाचा परवाना काढून शहरातल्या कचेरीत गेलो. काल्मान बरोबर. मी नको म्हटलं तरी आला, एकाहत्तर वर्षांचा म्हातारा, सुजलेले पाय घेऊन. कारकून तरुण होता, सर्दी झालेला, टेबलावर रुमालांचा ढीग.

माझ्या आधी काल्मानच पुढे झाला. टोपी काढून म्हणाला, क्रमांक ४१७ च्या जागी माझं नाव लिहा. ती मुलगी राहू दे. ती जागा माझ्याकडे तिचं देणं आहे.

कारकुनाला काही कळलं नाही. म्हणाला, "इथे अदलाबदल होत नाही. यादीतून नाव निघत नाही. घालायचं असेल तर घालता येतं."

काल्मान तसाच उभा राहिला. इर्मा राहिली असती तर हेनीकडे तिनं पाहिलं असतं, पण नुसतं आपलं नाव घालून हेनीला टाकून येण्यात अर्थ नव्हता, ती गेले चार महिने अंथरुणाला खिळलेली आहे. मी त्याला खुर्चीवर बसवलं आणि म्हटलं, मग आमची दोघांची घाला. कारकुनानं वय विचारलं. सहासष्ट म्हटल्यावर वर बघून म्हणाला, तुम्हाला यायची गरज नाही. मी म्हटलं, मुलगी आहे. त्यानं नाक शिंकरलं आणि लिहिलं. ४१८, ४१९. शिक्का, सही, झालं.

मागे अमेरिकेला जायचा अर्ज केला होता, तिथल्या कचेरीनं मला चौदा महिने नुसतं थांबवलं. इंग्लंडच्या गाडीत आख्ख्या गावाला एक जागा होती. या गाडीत मागेल त्याला जागा आहे. आयुष्यात पहिल्यांदा माझा अर्ज दहा मिनिटांत मंजूर झाला. परतताना मला, लिहायला लाज वाटते, पण हायसं वाटलं. पोरगी एकटी जाणार नाही. पोलंडमध्ये गाई असणारच, आणि जिथे गाई आहेत तिथे माझ्यासारख्या माणसाला कोणी उपाशी ठेवत नाही.

१७ एप्रिल १९४२, शुक्रवार

इर्माला सांगितलं. तिनं ऐकलं आणि भट्टीवर निघून गेली. भट्टीवर म्हणे तिनं दिवसभरात सगळ्यांपेक्षा जास्त विटा उचलल्या.

२० एप्रिल १९४२, सोमवार

माणशी पन्नास किलो सामान. बाबेट म्हणते चादरी, मी म्हणतो बूट. इर्मानं दोघांना गप्प केलं आणि स्वतः वाटणी केली. मला बजावलं, तिथे गेल्यावर वय विचारलं तर साठ सांगा, आणि गोठ्यातलं काम येतं हे आधी सांगा, नंतर नाही. म्हटलं, खोटं बोलू? म्हणाली, "बाबा, आता कुणी हिशेब बघत नाही."

ही वही काल्मानकडे ठेवणार आहे. झुझीला कधी मिळाली तर मिळाली. म्हटलं, तिला वाचून वाईट वाटेल. तो म्हणाला, वाटायला हवं. मग जरा वेळानं म्हणाला, नाही, नको वाटायला, लहान आहे. आणि आम्ही दोघं म्हातारे त्यावर भांडत बसलो.

२२ एप्रिल १९४२, बुधवार

उद्या दुपारी निघायचं, पायी, शहरापर्यंत. बाबेट ओट्यावरच्या चुलीत रस्त्यासाठी पाव भाजतेय. मी आणि इर्मा पाठीवरच्या पिशव्या भरत होतो. आज सांगायचंच असं ठरवलं होतं. म्हटलं, इर्मा, त्या वेळी माझी चूक झाली. मी तुला पाठवायला हवं होतं. तारीख कुठलीही असो. मला माफ कर.

तिनं आधी उरलेले मोजे पिशवीत कोंबले. मग म्हणाली, "मी पण तुम्हाला एक सांगायचं ठेवलंय. त्या दिवशी तुम्ही दोघांची नावं घातलीत म्हणालात ना, मला खूप आनंद झाला. वाईट वाटायला हवं होतं. तुम्ही दोघं राहिला असतात इथे. पण मला नुसता आनंदच झाला, बाबा. त्याबद्दल तुम्ही मला माफ करा."

मी म्हटलं, पिशवीचा बंद जरा घट्ट बांध, वाटेत सुटेल. आणि बाबेटला पाव उतरवू लागायला बाहेर गेलो.